कागदावरचा माल

बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. स्टोअरकीपरच्या कामाबद्दल लोकांची समजूत अशी असते, की किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावायचा आणि मागणीची चिठ्ठी आली की माल द्यायचा. खरं काम बिन कार्डाचं. प्रत्येक खणावर एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकत असतं: आवक, जावक, शिल्लक. मार्चअखेरीला ऑडिटवाले यायचे आणि कार्डावरची शिल्लक न बघता थेट खणात हात घालायचे. कार्ड सांगतं बारा व्हॉल्व्ह, हाताला लागतात अकरा. त्या बाराव्या व्हॉल्व्हला आमच्या भाषेत ‘कागदावरचा माल’ म्हणत. कधी उलटंही व्हायचं. कार्डावर नाव नाही आणि खणात वस्तू पडलेली; कुणी आणली, कधी आणली, पत्ता नाही.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला आणि ‘नोंद’ हा विषय त्यांनी सांगितला, तेव्हा मला बिन कार्डच आठवलं. पण त्यांना कारखाना नको होता. “तुम्ही निवृत्तीनंतर जुन्या पुस्तकांच्या मागे लागलाय ना? त्या इंग्रजी सूचीबद्दल मागे एकदा बोलला होतात. त्यावर लिहा, पण बोईसरला बसून लिहा.” ही अट मला आवडली. ब्रिटिश लायब्ररीत बसून पुस्तकांच्या सूचीवर कुणीही लिहील. सकाळी नळाला पाणी आलं की नाही ते बघून, वाऱ्याची दिशा बदलली की खिडकी लावून घेत, नवापूर रस्त्यावरच्या शेअर रिक्षांचे हॉर्न ऐकत तीच सूची चाळली, की ती वेगळी दिसते.

तारापूर कुठे आहे?

तर ती सूची. इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक विल्यम कॅक्स्टनने १४७३च्या सुमारास छापलं, तेही इंग्लंडात नव्हे, ब्रूज शहरात. ट्रॉयच्या कथांचं ते भाषांतर. तिथून १८०० सालापर्यंत ब्रिटिश बेटांत आणि त्यांच्या वसाहतींत जे जे खिळ्यांनी छापलं गेलं, आणि जगात इतरत्र कुठेही इंग्रजीत जे छापलं गेलं, त्या सगळ्याची एक नोंदवही आहे. नाव ‘इंग्लिश शॉर्ट टायटल कॅटलॉग’. अभ्यासक तिला ईएसटीसी म्हणतात. चार लाख ऐंशी हजारांच्या वर नोंदी आणि जगभरातल्या दोन हजारांवर ग्रंथालयांतल्या प्रती. २००६पासून घरबसल्या, फुकट बघता येऊ लागली.

कुठल्याही माणसाने अशा वेळी जे केलं असतं तेच मी पहिल्यांदा केलं. आपल्या गावाचं नाव टाकलं. तारापूर. काही नाही. आजच्या कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत हे नाव टाकलं तर अणुवीज केंद्र धबाधबा समोर येतं. १९६९ साली सुरू झालेल्या त्या दोन भट्ट्यांनी आमच्या गावाचं नाव जगभर नेलं. त्याखेरीज येतात ती तारापोर आडनावाची पारशी माणसं, आणंद जिल्ह्यातलं तारापूर, बिहारातलं तारापूर. पण १८००च्या आधीच्या इंग्रजी पुस्तकांत? काहीच नाही.

मग वसई टाकून पाहिलं. इथे एक नवाच घोळ. पोर्तुगीज तिला एका तऱ्हेने लिहीत, इंग्रज दुसऱ्या. बसाईं, बसाईम, बासैन, बसीन. त्यातल्या इंग्रजांनी रूढ केलेल्या नावाचं एक बंदर ब्रह्मदेशातही आहे, इरावतीच्या मुखाजवळचं. त्यामुळे सूचीवाल्याला कुठली वसई हे ठरवायला पुस्तकच उघडावं लागतं. माहीम टाकलं तर मुंबईचं माहीम पुढे येतं आणि आमचं केळवे-माहीम त्याच्या पाठीमागे उभं राहतं. वास्तविक इंग्रजी अमलात आमच्या पालघर तालुक्याचं नावच माहीम तालुका होतं. आणि ‘पालघर जिल्हा’ असं टाकून तर काहीच मिळायचं नाही. हा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. जुन्या कागदांत शोधायचं ते ठाण्यात.

पण हा किनारा त्या पुस्तकांत नाही असं मात्र नाही. राल्फ फिच नावाचा लंडनचा व्यापारी १५८३च्या सुमारास याच किनाऱ्याने दमणहून खाली आला. त्याचा वृत्तान्त हॅक्लूट याने १५९९मध्ये छापलेल्या प्रवासांच्या जाडजूड संग्रहात आहे. वसईत आणि ठाण्यात धान्य-भाताशिवाय फारसा व्यापार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य लिहून गडी पुढे चौलकडे निघून गेला. वाडा कोलमचा भात खाणाऱ्या माणसाला हे वाक्य लागतं थोडं, पण खोटंही म्हणवत नाही. लिन्सखोतेन या डच माणसाच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १५९८ला लंडनमध्ये जॉन वुल्फने काढलं. डॉक्टर जॉन फ्रायर १६९८च्या पुस्तकात वसईचं वर्णन करतो. इटलीचा जेमेल्ली कारेरी १६९५मध्ये दमणहून वसईकडे आला. त्याचा प्रवास १७०४ साली लंडनच्या चर्चिल बंधूंच्या संग्रहात इंग्रजीत उतरला. यांतल्या एकाही पुस्तकाच्या नावात आमचा किनारा नाही. तो आहे पुस्तकांच्या पोटात. आणि सूचीला पुस्तकाचं तोंड तेवढं दिसतं, पोट दिसत नाही.

स्टोअरमध्ये हेच व्हायचं. कार्डावर ‘पंप, एक नग’ असं लिहिलेलं असायचं. त्या पंपाच्या आतला जो सील आम्हाला हवा असायचा, त्याचं कार्ड नसायचं. तो पंपाच्या पोटात असतो हे ज्याला ठाऊक, त्यालाच तो मिळायचा.

लांब नावांची छोटी यादी

‘शॉर्ट टायटल’ म्हणजे छोटं शीर्षक. हे नाव आधी समजून घेतलं पाहिजे. तेव्हाच्या पुस्तकांचं पहिलं पान म्हणजे जाहिरातच. पुस्तकात काय आहे, कुणी लिहिलं, लेखक कुठल्या पदावर होता, किती वर्षं फिरला, सोबत नकाशे आहेत की नाहीत, विकत कुठल्या गल्लीत मिळेल, हे सगळं त्या एका पानावर. फ्रायरच्या पुस्तकाचं शीर्षकच सांगतं, की हा नऊ वर्षांचा प्रवास आहे, १६७२ला सुरू झाला, १६८१ला संपला, आणि तो आठ पत्रांत लिहिला आहे. एवढं सगळं उतरवत बसलं तर यादी संपायचीच नाही. म्हणून शीर्षक ओळखू येण्यापुरतं घ्यायचं, आणि बाकी जागा प्रती कुठे आहेत ते सांगायला ठेवायची.

याचं बीज १९२६चं. पोलार्ड आणि रेडग्रेव्ह या दोघांनी १४७५ ते १६४० या काळातल्या इंग्रजी पुस्तकांची छापील यादी काढली. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डोनाल्ड विंग यांनी १७०० सालापर्यंतची मजल मारली. अठरावं शतक राहिलं होतं. ते आकाराने फार मोठं, एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नव्हे. १९७७मध्ये ब्रिटिश लायब्ररीत रॉबिन ऑल्स्टन यांच्या हाताखाली ते काम सुरू झालं, आणि सुरुवातीपासूनच संगणकावर. अमेरिकेची बाजू हेन्री स्नायडर यांनी सांभाळली. नंतर जुन्या दोन्ही याद्या यात मिसळल्या गेल्या.

प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो आणि क्रमांकाआधी एक अक्षर. त्या अक्षरावरून जाणकाराला कळतं, की ही नोंद मुळात कुठल्या वाटेने आली. आमच्या आयटम कोडसारखंच: पहिलं अक्षर पाहिलं की माल मेकॅनिकलचा की इलेक्ट्रिकलचा हे अंधारातही समजायचं.

नोंद करणारा काय बघतो? कागद किती वेळा दुमडला हे बघतो. एकदा दुमडला तर दोन पानं, दोनदा तर चार, तीनदा तर आठ. पानांच्या तळाशी बांधणाऱ्याच्या सोयीसाठी अ, ब, क अशी अक्षरं छापलेली असतात, ती मोजतो. एखादं अक्षर गळालं असेल तर ते पान फाटलं की मुळात छापलंच नव्हतं, हे ताडतो. दोन प्रती शेजारी ठेवल्या आणि एकीत छपाईची चूक आहे, दुसरीत ती सुधारलेली आहे, तर छपाई मध्येच थांबवून कुणीतरी खिळा बदलला असं समजतं. मग त्या दोन आवृत्त्या म्हणायच्या, की एकाच आवृत्तीची दोन रूपं? एवढ्या बारकाव्यात शिरायचं कारण साधं आहे: नुसत्या नावावर विसंबलं तर एकाच पुस्तकाची चार पुस्तकं होतात, किंवा चारांचं एक होऊन बसतं.

आणि कधी कधी नसलेलंच पुस्तक जन्माला येतं. कुणीतरी जुन्या लिलावाच्या यादीतलं नाव उतरवतो, त्यात साल चुकीचं, दुसरा त्याच्यावरून उतरवतो. शंभर वर्षं ते पुस्तक याद्यांतून हिंडत राहतं, पण कुणाच्या हाताला म्हणून लागत नाही. इंग्रजी सूचीकार अशा पुस्तकाला ‘भूत’ म्हणतात. आम्ही कागदावरचा माल म्हणायचो. उपाय दोन्हीकडे एकच, खणात हात घालायचा.

ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. खंडणी मागितली, लायब्ररीने दिली नाही. मुख्य सूची जानेवारी २०२४मध्ये कशीबशी परत उभी राहिली. ईएसटीसीला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागला. जगभरच्या संशोधकांची पंचाईत झाली आणि जुन्या माहितीवरून तात्पुरत्या सोयी उभारल्या गेल्या. एक पुस्तकसुद्धा चोरीला गेलं नव्हतं, सगळी जागच्या जागी होती. फक्त ती कुठे आहेत हे सांगणारी वही बंद पडली होती. आमच्याकडे एका पावसाळ्यात लेजरच्या कपाटात पाणी शिरलं होतं. माल कोरडा ठणठणीत, आणि तरीही दोन दिवस उत्पादन बंद. तेव्हा मालकांना पहिल्यांदा कळलं, की स्टोअरमध्ये खरी किंमत कशाला आहे.

१८००ची वेस

या सूचीत मुंबई आहे, पण चिमूटभर. १६७४मध्ये भीमजी पारेख या गुजराती व्यापाऱ्याच्या आग्रहाने ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला छापखाना पाठवला आणि बरोबर हेन्री हिल्स नावाचा मुद्रक. भीमजीला आपल्या धर्माचे ग्रंथ देशी लिपीत छापायचे होते. हिल्सला छापता येत होतं, खिळे पाडता येत नव्हते. झालं! छपाईचं यंत्र येऊनही मुंबई आणखी शंभर वर्षं जवळपास कोरीच राहिली. मग रुस्तुमजी केरसास्पजी या पारशाने बाजारगेटच्या भागात १७८० सालाचं इंग्रजी कॅलेंडर छापलं. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या हेन्री बेचरच्या आठवणी १७९३मध्ये मुंबईत छापल्या गेल्या. हे सगळं त्या सूचीच्या कुंपणाच्या आत बसतं.

आता कुंपणाच्या बाहेर बघा. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२चा. त्या तहाने वसईचं नाव शेकडो इंग्रजी पुस्तकांच्या, अहवालांच्या, संसदेतल्या भाषणांच्या मथळ्यावर चढवलं. सूचीची वेस १८००ला. दोन वर्षांनी चुकामूक. आणि विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण बंगालातल्या श्रीरामपूरला छापलं गेलं १८०५ साली. त्याच वर्षी मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. म्हणजे इंग्रजीची वही जिथे मिटते, तिथून चारपाच वर्षांवर आपल्या देवनागरी छपाईची वही उघडते.

पण मराठी छापली जाण्याची गोष्ट त्याच्याही आधीची आहे, आणि तिचा एक धागा थेट आमच्या किनाऱ्यावर येतो. गोव्यात जेझुइटांचा छापखाना १५५६ला आला. थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ला रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा. या तीनही छापील आवृत्त्यांची एक प्रतसुद्धा आज कुठे हाती नाही. म्हणजे जे पुस्तक नक्की छापलं गेलं, त्याचंही कार्ड आहे आणि खण रिकामा. त्यानंतरचा फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंस या पाद्रीचा पुराणग्रंथ १६५९ साली लिस्बनमध्ये छापला गेला. भाषा मराठी, लिपी रोमन, आणि बोली उत्तर कोकणातली, वसईकडच्या ख्रिस्ती माणसांसाठी लिहिलेली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत तो पुन्हा छापला गेला. लिस्बनच्या छापखान्यातल्या जुळाऱ्याने आमच्या पट्ट्यातले शब्द एकेक खिळा लावून जुळवले, त्या भाषेतलं एक अक्षरही न कळता. मला हे चित्र फार आवडतं. पण इंग्रजी सूचीत याला जागा नाही, कारण भाषा इंग्रजी नाही आणि लिस्बन ब्रिटिशांचं नाही. हा सूचीचा दोष नव्हे. कुंपण कुठे घालायचं हे ठरवल्याशिवाय यादी होतच नाही.

एक माणूस, दोन खंड

मग आपली वही कुठली? ती बघायला मी बोईसरहून सकाळची गाडी पकडली. बोईसरची माणसं दादरला जाण्याला अजूनही ‘मुंबईला जाणं’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. दोनअडीच तास गाडीत काढल्यावर तो प्रवासच होतो. विरारपर्यंत बसायला जागा, पुढे स्वतःच्या पायावर उभं राहायलाही नाही.

दादरच्या एका जुन्या ग्रंथालयात टेबलावर दोन जाड खंड आणून ठेवले गेले. ‘मराठी ग्रंथसूची’, संपादक शंकर गणेश दाते. पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा, प्रसिद्ध झाला १९४३मध्ये. दुसरा १९३८ ते १९५०चा, १९६१मधला. दोन्ही मिळून पंचवीस हजारांहून अधिक पुस्तकं. दाते १९०५चे आणि गेले १९६४ला, म्हणजे एकुणसाठ वर्षांचं आयुष्य. त्यातला मोठा भाग या दोन खंडांत गेला. ना विद्यापीठ पाठीशी, ना सरकारी खातं. ग्रंथालयं पालथी घालायची, पुस्तक हातात घ्यायचं, चिठ्ठी करायची, विषयवार लावायची. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन कागदटंचाईत हा केवढा थोरला ग्रंथ छापून काढायचा!

त्यांच्यानंतर शरद साठे यांनी १९५१पासूनच्या पुस्तकांची सूची पुढे नेली, ती राज्य मराठी विकास संस्थेने काढली. पण जुन्या काळासाठी आजही बोट ठेवायचं ते दात्यांच्याच पानावर. इंग्रजीला दोन हजार ग्रंथालयं लागली, मराठीला एक माणूस पुरला असं म्हणून छाती फुगवायची ही गोष्ट नाही. पुरला नाहीच. दाते पुस्तकाचं नाव, लेखक, साल, पानं, किंमत सांगतात. ती प्रत आज कुठल्या गावात, कुठल्या कपाटात आहे हे एका माणसाने कसं सांगावं? तो स्तंभ रिकामा राहिला आणि अजून जवळपास रिकामाच आहे.

सरकारलाही नोंद हवी होती, पण वेगळ्या कारणासाठी. १८५७नंतर कोण काय छापतो यावर डोळा ठेवायचा होता. १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारात जमा करणं सक्तीचं झालं आणि दर तीन महिन्यांनी त्याची यादी राजपत्रात येऊ लागली. पहारेकऱ्याने लिहिलेली यादी. पण आज संशोधक तिच्यावरच जगतात. म्हणूनच मराठीत १८६७ ही वेस मानून तिच्याआधीच्या पुस्तकांना ‘दोलामुद्रितं’ म्हणतात. दोला म्हणजे पाळणा. युरोपात पाळण्यातली पुस्तकं १५००पर्यंतची, आपला पाळणा उशिरा हलला. अनंत काकबा प्रियोळकरांनी या पुस्तकांचा शोध घेतला, भारतातल्या छपाईचा इतिहास १९५८मध्ये इंग्रजीतून लिहिला. राज्य मराठी विकास संस्थेने अशा दुर्मीळ पुस्तकांच्या संगणकीय प्रती आता जालावर ठेवल्या आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ही जालावर आहे. शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने १५५६पासूनच्या दक्षिण आशियाई पुस्तकांची सामायिक सूचीही उभी राहिली आहे. वाटा बऱ्याच आहेत, पण त्या अजून एका नाक्यावर येऊन मिळत नाहीत.

ठिपका

या वाटा एकत्र का मिळत नाहीत, ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका लेखकावरून सांगतो. दादोबा पांडुरंग, १८१४चे. घराणं वसई तालुक्यातल्या तर्खडचं, म्हणून तर्खडकर. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ला आलं. आता हे पुस्तक संगणकावर शोधा. पहिला प्रश्न, लेखक कुठल्या अक्षराखाली? पुस्तकावर ‘दादोबा पांडुरंग’. एक सूचीकार ‘द’मध्ये घालतो, दुसरा वडिलांच्या नावाने ‘प’मध्ये, तिसरा आडनाव शोधून ‘त’मध्ये. परदेशी ग्रंथालयात तो रोमन लिपीत, आणि अक्षरांच्या वर-खाली रेघा नि टिंबं. म्हणजे एक माणूस, चार खण.

दुसरा प्रश्न शीर्षकाचा. ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’. ‘चें’वरचा अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेला. आजचा माणूस ठिपक्याविना शोधतो. संगणकाला दया नसते. ठिपका नाही, तर पुस्तक नाही. जुन्या मोडी मथळ्यांची तर बातच नको.

तिसरा प्रश्न सालाचा. जुन्या पुस्तकांवर शक असतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. पौष-माघात छापलं असेल तर एकोणऐंशी मिळवायचे. महिना ठाऊक नसेल तर दोन सालं लिहायची. घाईचा सूचीकार एकच लिहितो, आणि मग पुढच्या याद्यांत एका वर्षाच्या फरकाने दोन पुस्तकं होतात. भूत जन्माला येतं ते असं.

आणि चौथा मला सगळ्यांत मोठा वाटतो. इंग्रजी सूचीचा नियम सांगतो, खिळ्यांनी छापलेलं तेवढंच घ्यायचं. तिथे तो ठीक आहे. मराठीत हा नियम लावला तर घरातला निम्मा माल दाराबाहेर राहील. आपली जुनी छपाई मोठ्या प्रमाणात शिळाछापाची. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये पंचांग छापलं ते शिळेवरूनच. लेखकू तेलकट शाईने कागदावर वळणदार अक्षर काढणार, ते दगडावर उमटवणार. दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेवर धरतं, शाई तेलकट अक्षराला धरते. खिळ्यांच्या खर्चाशिवाय हस्तलिखितासारखी पोथी शेकड्यांनी निघू लागली. म्हणून मराठी सूची करायची तर नियमही मराठी छपाईकडे बघूनच करावे लागतील, तिकडचा फॉर्म इकडे भरून चालायचं नाही.

देवघराच्या वरची फळी

तारापूरच्या किल्ल्याच्या बाजूला, चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वाडी आहे. सुपारी, केळी, एक जुनी विहीर, आणि मागे समुद्राचा आवाज. याच चिंचणीत राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला शके ८४८चा ताम्रपट निघाला होता. जमिनीखाली हजार वर्षं राहिला आणि सन, गाव, दानधर्म सगळं सांगून गेला. तांब्याला वाळवी लागत नाही, ही त्याची सोय. कागदाला इथली खारी हवा, वाळवी आणि पावसाळा असे तीन शत्रू. चौथा घर रंगवताना माळा रिकामा करणारा मुलगा.

माझ्याबरोबर काम केलेल्या एका फिटरचं ते घर. त्याच्या आईला आम्ही सगळे काकी म्हणतो. देवघराच्या वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेली एक पोथी आहे, श्रावणात वाचायची. मी आधीच सांगून ठेवलं होतं, की हात स्वच्छ धुऊन येईन. काकी म्हणाल्या, “हात कसले धुता, आंघोळ करून या.”

तसंच करून गेलो. फडकं सोडलं. आडव्या, सुट्या पानांची पोथी, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या. पहिलं पान नाही. दुसऱ्या पानापासून ‘हरिविजय’, श्रीधराचा. अक्षर सरळ, टपोरं, एकसारखं. आधी हस्तलिखितच वाटलं. मग भिंग लावलं. बोरूच्या अक्षरात शाई कुठे दाट, कुठे पातळ होते, आणि बोरू परत बुडवला की पहिलं अक्षर गच्च भरतं. इथे सगळी शाई एका थराची. कडेला दोन ठिकाणी दगडाच्या काठाचा पुसट डाग. शिळाछाप.

शेवटच्या पानावर छत्तिसावा अध्याय संपतो आणि खाली दोन ओळी. वाळवीने नेमका त्यांचाच घास घेतलेला. उरलं होतं ते असं: ‘शके १७’, पुढे भोक. मग ‘रौद्र नाम संवत्सरे श्रावण’, पुढे भोक. मग ‘यांचे छापखान्यांत मुंबई’. ज्याने छापली त्याचं नाव वाळवीच्या पोटात.

सतरा आणि भोक. म्हणजे १७०० ते १७९९, इसवी सन १७७८ ते १८७८पर्यंत कुठेही. शंभर वर्षांचं भोक. पण संवत्सर वाचलं होतं. साठ संवत्सरांचं चक्र. मागचा रौद्र शके १९०२, म्हणजे १९८०-८१. साठ साठ मागे चला: १८४२, १७८२, १७२२. सतराशेच्या घरात दोनच बसतात. १७२२ म्हणजे इसवी सन १८००, तेव्हा मुंबईत शिळाछाप नव्हताच. राहिला १७८२. श्रावण, म्हणजे १८६०चा पावसाळा. १८६७च्या सात वर्षं अलीकडे. पाळण्यातली पोथी.

मी खिशातून कोरी कार्डं काढली. निवृत्त होताना बिन कार्डांचा एक उरलेला गठ्ठा रद्दीत निघाला होता, तो मी घरी आणला होता. ‘आवक’ खोडून वर लिहिलं: हरिविजय. श्रीधर. शिळाछाप. मुंबई. शके [१७८२] श्रावण. साल चौकटी कंसात, कारण ते कागदावर नाही, माझ्या हिशोबातलं आहे. पुढच्याला ते कळायला हवं. मुद्रकाचं नाव वाळवीने खाल्लेलं. पान पहिलं नाही. मग फूटपट्टीने लांबी-रुंदी घेतली, पानं दोनदा मोजली. मधलं एक पान दोनदा आलं होतं आणि एक उलटं लावलेलं होतं, तेही लिहिलं. उलटं पान सरळ करू का, असं विचारलं. काकी म्हणाल्या, “तसंच राहू द्या. ते पान आलं की सासूबाई थांबायच्या, पोथी फिरवायच्या आणि चहा घ्यायच्या.” तेही कार्डाच्या मागे लिहून ठेवलं.

शेवटचा रकाना राहिला, प्रत कुठे आहे. घराचं नाव छापायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. काकींना विचारलं, काय लिहू? त्यांनी पोथी फडक्यात बांधली, गाठ नीट आवळली आणि मुलाला स्टूल धरायला सांगितलं.

“लिहा, फळीवर आहे,” त्या म्हणाल्या. “आणि श्रावणात खाली असते तेही लिहा. नाहीतर कोणी यायचा नि फळी रिकामी बघून जायचा.”